भिंत अर्ध्यावर आली तेव्हा

[दृश्य: रात्रीचा भंवरकुआँ चौक. कोचिंगच्या पाट्या. एका खिडकीत दिवा.]

इंदूरच्या या भागात स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुलं राहतात. फॉर्म भरतात त्या आठवड्यात प्रत्येकाच्या अंगात दहा हत्तींचं बळ असतं. मग पूर्वपरीक्षा हुकते आणि फोनवर आई म्हणते, "राहू दे रे बाळा, जेवढं झालं तेवढं पुष्कळ." ती मायेनंच म्हणते. पण धमकीनं जे काम थांबत नाही, ते या वाक्यानं थांबतं. मनाला ते लगेच पटतं ना!

[दृश्य: रेड चर्चचं आवार. मिस्सा नुकतीच सुटली आहे.]

बायबलमधल्या नहेम्याच्या पुस्तकात ही अर्ध्यावरची जागा नेमकी दाखवली आहे. ख्रिस्तपूर्व 445. पारसच्या (इराणच्या) राजाचा प्यालेबरदार, म्हणजे त्याला पेला देणारा सेवक, नहेम्या यरुशलेमेची पडलेली भिंत बांधायला निघतो. निघण्याआधी चार महिने त्याचा उपास आणि प्रार्थना चालू होती. पण राजानं विचारताच किती मुदत हवी ते त्यानं सांगितलं. लाकडासाठी राजवनाचा रखवालदार आसाफ याच्या नावे पत्र लागेल, हेही त्याला ठाऊक होतं. शहरात पोहोचल्यावर तीन दिवस तो गप्प राहिला. मग रात्री मोजकी माणसं घेऊन पडझड पाहून आला. एके ठिकाणी तर तो बसला होता त्या जनावराला पुढे जायला वाट मिळेना. प्रार्थना करणाऱ्यानं मोजमाप करू नये, तो अविश्वास ठरतो, असं आपल्या मंडळ्यांत अनेकांना वाटतं. नहेम्यानं दोन्ही केलं.

काम सुरू झालं तसे त्याचे विरोधक सनबल्लट आणि तोबीया हसले. कोल्हा चढला तरी ही भिंत ढासळेल, तोबीया म्हणाला. त्या हसण्यानं एक दगडही थांबला नाही. भिंत अर्ध्या उंचीपर्यंत जोडली गेली. आणि तिथंच, चौथ्या अध्यायात, पहिल्यांदा आतून कुरकुर आली: ओझी वाहणाऱ्यांचं बळ सरलं, राडारोडा फार आहे, आमच्यानं होणार नाही. कोणत्याही गवंड्याला यात नवल वाटणार नाही. सुरुवातीचे थर पायाशी असतात. भिंत चढते तसा प्रत्येक दगड वर न्यावा लागतो, खालचा ढीग हलत नाही आणि पुरी झालेली भिंत अजून डोळ्यांना दिसत नाही.

नहेम्यानं भिंत जिथं सर्वांत ठेंगणी होती तिथं माणसं उभी केली, तीही कुटुंबाकुटुंबानं. आपली अर्धी माणसं कामावर लावली, अर्धी भाले धरून उभी केली. ओझी वाहणाऱ्यांच्या एका हातात काम, दुसऱ्या हातात हत्यार. सगळे लांब लांब पांगलेले, म्हणून रणशिंग फुंकणारा त्यानं स्वतःजवळ ठेवला. आवाज येईल तिकडे बाकीच्यांनी धावायचं. पहाटेपासून तारे दिसेपर्यंत हेच.

आपली ठेंगणी जागा कोणती, ते आधी बघा. निबंधाचा पेपर असेल, सकाळची झोप असेल, दुकानाची थकलेली उधारी असेल. पहिला तास तिथं द्या. जो विषय आवडतो त्यावर आणखी एक थर चढवण्याचा मोह होतो, आणि खिंडार तसंच उरतं. रणशिंग म्हणजे एक माणूस, ज्याला रात्री अकरालाही फोन करता येतो. तो आजच ठरवून ठेवा, कोसळायच्या दिवशी शोधून सापडत नाही.

[दृश्य: दगडी भिंतीचा जवळून घेतलेला तपशील.]

तिसऱ्या अध्यायातली, भिंत बांधणाऱ्यांच्या नावांची लांबलचक यादी लोक गाळून पुढे जातात. तीत तकोवा गावचे लोक दोनदा येतात. त्यांच्या सरदारांनी कामाला मान लववली नाही, असं पाचव्या वचनात लिहिलं आहे. सत्ताविसाव्या वचनात तेच गावकरी दुसरा भाग बांधताना दिसतात. वरचे हलले नाहीत, तरी खालच्यांनी वाट्याच्या कामाहून जास्त केलं.

[दृश्य: उदयनगरकडे जाणारा रस्ता.]

पाचव्या अध्यायात कळतं की दगड वाहणाऱ्यांची शेतं गहाण पडली आहेत आणि कर्ज देणारे त्यांचेच भाऊबंद आहेत. नहेम्या सभा भरवतो, शेतं आणि व्याज म्हणून घेतलेला शंभरावा हिस्सा परत करायला लावतो. स्वतः अधिकारी असूनही 12 वर्षं त्यानं अन्नाचा भत्ता घेतला नाही.

इंदूरच्या आग्नेयेला, देवास जिल्ह्यातल्या उदयनगरात हीच लढाई सिस्टर राणी मारिया यांनी लढली. 1992 पासून त्यांनी तिथल्या भूमिहीन मजुरांना बचत शिकवली, बँकेच्या कर्जापर्यंत नेलं, सावकारांच्या विळख्यातून सोडवलं. विरोध वाढला, त्या थांबल्या नाहीत. 25 फेब्रुवारी 1995 रोजी इंदूरला येताना बसमध्ये त्यांचा खून झाला. त्या 41 वर्षांच्या होत्या. 4 नोव्हेंबर 2017 रोजी इंदुरातच चर्चनं त्यांना 'धन्यवादित', म्हणजे संतपदाच्या आधीच्या पायरीवर, घोषित केलं.

शत्रूनं शेवटी गोड निरोप धाडला: ओनोच्या मैदानात या, बोलू. चार वेळा. नहेम्याचं उत्तर चारही वेळा एकच होतं: मोठं काम हाती आहे, खाली येऊ शकत नाही. उत्तर बदललं की वाटाघाट सुरू होते, हे त्याला कळत होतं. पाचव्यांदा बदनामीचं उघडं पत्र आलं. आरोप खोटा आहे एवढंच त्यानं कळवलं, देवाकडे हातांना बळ मागितलं आणि काम चालू ठेवलं.

[दृश्य: पहाट. एक जुना लाकडी दरवाजा उघडतो.]

भिंत 52 दिवसांत, यहुदी अलूल महिन्याच्या पंचविसाव्या दिवशी, पुरी झाली. मग त्यानं दारं बसवली, द्वारपाळ आणि गायक नेमले. ऊन चढल्याशिवाय वेशी उघडायच्या नाहीत, असा हुकूम दिला. पहाऱ्यावर प्रत्येक जण स्वतःच्या घरासमोर उभा राहिला.