पहिली पाचच अक्षरं

ॲडव्हेंचर. चित्र नाही, आवाज नाही, नुसत्या टाइप केलेल्या शब्दांवर चालणारा कॉम्प्युटरवरचा खेळ. विल क्राउदरने तो फोरट्रान या प्रोग्रामिंगच्या भाषेत लिहिला आणि १९७७ मध्ये स्टॅनफर्डच्या डॉन वूड्सने वाढवला. खेळ गुहेत भटकण्याचा, आणि अमेरिकेत केंटकीतल्या मॅमथ केव्हच्या भुयारांत क्राउदर स्वतः उतरलेला होता.

खेळाच्या सूचनांमध्येच एक ताकीद आहे. खेळ म्हणतो: मी प्रत्येक शब्दाची पहिली पाचच अक्षरं बघतो. ‘नॉर्थईस्ट’ पूर्ण लिहू नका, ‘एनई’ लिहा, नाहीतर मला ते ‘नॉर्थ’च वाटेल.

पाचच का?

खेळ जन्मला पीडीपी-१० या कॉम्प्युटरवर. या यंत्राचा एक वर्ड, म्हणजे यंत्र एका वेळी हाताळतं तो मेमरीचा कप्पा, ३६ बिटांचा (बिट म्हणजे एक शून्य किंवा एक) आणि एक अक्षर ७ बिटांचं. पाच साते पस्तीस, एक बिट शिल्लक. तेव्हाच्या फोरट्रानमध्ये अक्षरांसाठी वेगळा प्रकारच नव्हता. ती आकडे साठवायच्या जागेत, म्हणजे आकड्यांच्या व्हेरिएबलमध्ये भरायची. पाच अक्षरं एका वर्डमध्ये बसली, की दोन शब्द सारखे आहेत का हे एका तुलनेत कळतं. मला ही रचना फार देखणी वाटते. पण ती त्या यंत्रापुरतीच.

आता हाच प्रोग्राम आयबीएम ३६० या दुसऱ्या यंत्रावर नेऊ. इथे वर्ड ३२ बिटांचा, अक्षर ८ बिटांचं. म्हणजे चारच अक्षरं मावणार.

वाचनाचा फॉरमॅट होता ए५, म्हणजे एका व्हेरिएबलसाठी पाच अक्षरं वाच. तो तसाच ठेवला तर? फोरट्रानचा नियम असा, की जागा अपुरी पडली तर उजवीकडची अक्षरं ठेवायची. म्हणजे शब्दाचं पहिलंच अक्षर गळणार! ‘टेक’ म्हणजे घे, ‘वेक’ म्हणजे जागं कर. इंग्रजी स्पेलिंगमध्ये दोघांत फरक फक्त पहिल्या अक्षराचा. तोच गेला, आता यंत्राला दोन्ही सारखेच.

बरं, फॉरमॅट बदलून ए४ केला, तर शेपटी तुटते. ‘डाउनस्ट्रीम’ म्हणजे ओढ्याच्या प्रवाहाबरोबर जा, ‘डाउन’ म्हणजे खाली उतर. त्यांना वेगळं ठेवत होतं ते पाचवं अक्षर, एस. चार अक्षरांत दोन्ही ‘डाउन’च. आणि कंपायलर, म्हणजे प्रोग्रामचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारं साधन, यातल्या कशाबद्दलही तक्रार करत नाही.

मोठा वर्ड असलेली यंत्रंही होती. मुंबईत टीआयएफआर या संशोधन संस्थेत १९६४ साली आलेल्या सीडीसी ३६०० चा वर्ड ४८ बिटांचा, त्यात ६ बिटांची आठ अक्षरं. सीडीसी ६६०० वर तर दहा. जागा ऐसपैस, पण ६ बिटांत चिन्हं जेमतेम ६४, मग लहान लिपीतली इंग्रजी अक्षरं बसवायची कुठे?

१९७७ मध्येच रँड या अमेरिकी संशोधन संस्थेतल्या जिम गिलॉग्लीने हा खेळ युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमसाठी सी या प्रोग्रामिंगच्या भाषेत उतरवला. सीमध्ये शब्द एकेक अक्षराने साठवता येतो, वर्डच्या मापाचं बंधन राहत नाही. तरी त्याचं शब्द जुळवणारं फंक्शन बघा: एकेक अक्षर ताडून पाहणारं लूप पाच अक्षरांवर थांबतं.