बाल्फोर जाहीरनामा: मसुदा कसा बदलत गेला

श्रोतेहो, नमस्कार.

ब्रिटिश परराष्ट्रमंत्री आर्थर बाल्फोर यांनी २ नोव्हेंबर १९१७ रोजी ब्रिटनमधल्या ज्यूंचे एक नेते लॉर्ड रॉथशिल्ड यांना पत्र पाठवलं. पॅलेस्टाइनमध्ये ज्यूंच्या राष्ट्रीय घराला पाठिंबा देणारा त्यातला जाहीरनामा इंग्रजीत जेमतेम ६७ शब्दांचा, पण त्यावर साडेतीन महिने काटछाट चालली होती.

जुलैमधला झायोनिस्टांचा, म्हणजे ज्यूंच्या स्वतंत्र राष्ट्रभूमीसाठी झटणाऱ्यांचा, मसुदा स्पष्ट होता: पॅलेस्टाइन हेच ज्यूंचं राष्ट्रीय घर म्हणून पुन्हा उभं करावं. अंतिम मजकुरात त्याचं झालं ‘पॅलेस्टाइनमध्ये राष्ट्रीय घर’. केवढ्या भागात, कोणत्या हद्दीत, त्याचं राज्य होणार की नाही, सगळं मोघम.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला युद्धमंत्रिमंडळाचे सदस्य मिल्नर आणि मंत्रिमंडळाच्या सचिवालयातले अ‍ॅमरी यांनी दोन अटी घातल्या. त्या नीट ऐका. तिथल्या ज्यूएतर समाजांच्या ‘नागरी आणि धार्मिक’ हक्कांना बाध येऊ नये, ही पहिली. इतर देशांतल्या ज्यूंच्या हक्कांना आणि ‘राजकीय दर्जाला’ धक्का लागू नये, ही दुसरी. राजकीय संरक्षण दुसऱ्या अटीत आहे, पहिलीत नाही. लोकसंख्येत सुमारे नव्वद टक्के असलेल्या अरबांचा तर नावानिशी उल्लेखही नाही. माझ्या मते खरा अन्याय इथेच झाला.

दुसऱ्या अटीमागे मुख्यतः एडविन माँटेग्यूंचा विरोध होता. हेच ते भारतमंत्री, ज्यांनी २० ऑगस्टला हिंदुस्थानला टप्प्याटप्प्याने जबाबदार राज्यपद्धती देण्याची घोषणा केली. तीनच दिवसांनी, स्वतः ज्यू असलेल्या माँटेग्यूंनी टिपण लिहून बजावलं की अशानं ज्यू आपापल्या देशांत परके ठरतील. ३१ ऑक्टोबरला मंत्रिमंडळानं निर्णय घेतला तेव्हा ते हिंदुस्थानच्या वाटेवर होते. माजी व्हाइसरॉय कर्झन यांनी पॅलेस्टाइनमधल्या रहिवाशांचं काय, हे विचारलं होतं. पण रशिया आणि अमेरिकेतल्या ज्यूंमध्ये प्रचाराला उपयोग होईल, हा बाल्फोर यांचा मुद्दा वरचढ ठरला.

आणि अरबांना दिलेला शब्द? २४ ऑक्टोबर १९१५ च्या पत्रात इजिप्तमधले ब्रिटिश हाय कमिशनर मॅकमहन यांनी मक्केच्या शरीफ हुसेन यांना अरब स्वातंत्र्याचं आश्वासन देताना दमास्कस, होम्स, हमा आणि अलेप्पो यांच्या पश्चिमेचा सीरियाचा भाग वगळला. नकाशा उघडून पाहा. दमास्कसच्या पश्चिमेला लेबनॉन येतो. पॅलेस्टाइन नैर्ऋत्येला, खाली राहतं. तरी तेही वगळलं होतं, असं लंडन पुढे सांगत राहिलं.

जानेवारी १९१८ मध्ये हुसेन यांची समजूत काढायला ब्रिटिश अधिकारी हॉगार्थ जेद्दाला गेले. पॅलेस्टाइनमधल्या जनतेच्या आर्थिक आणि राजकीय स्वातंत्र्याशी सुसंगत असेल तेवढीच ज्यू वसाहत होईल, असा निरोप त्यांनी दिला. जाहीरनाम्यात नसलेलं राजकीय आश्वासन इथे होतं. १९२२ च्या मँडेटच्या, म्हणजे राष्ट्रसंघानं पॅलेस्टाइनचा कारभार ब्रिटनकडे सोपवल्याच्या, दस्तऐवजात मात्र बाल्फोर यांचा मजकूर गेला, हॉगार्थ यांचा निरोप नाही.