कॉफीचा चोथा आणि कुंडी

नमस्कार मंडळी. कॉफी गाळली की उरलेला चोथा फेकू नका, खत होतं त्याचं, हे तुम्ही ऐकलंच असेल. होतं, पण थेट कुंडीत ओतून नाही. कंपोस्ट करून.

आमच्या शेजारच्या काकूंची गोष्ट सांगते. काकूंच्या भाच्याच्या ऑफिसात कॉफी मशीन, तो पठ्ठ्या पिशवी भरभरून चोथा आणायला लागला. काकू खूश, प्रत्येक कुंडीत बोटभर जाड थर, वर थापून गुळगुळीत केलेला. थोड्याच दिवसांत गुलाब माना टाकायला लागला. काकूंनी पाणी वाढवलं, तरी तेच, मग अजून वाढवलं. मला बोलावून म्हणाल्या, "अगं रोज तांब्याभर घालतेय, जातंय कुठं?" मी खुरपं खुपसलं तर वरची अख्खी गोल चकतीच उचलून आली, कडक, आणि खाली माती कोरडी ठक्क! पाणी त्या पापडीवरून कडेकडेनं खालच्या ताटलीत. काका पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "एवढं जाड पांघरूण घातलंस, झोपलं असेल ते." काकू दिवसभर बोलल्या नाहीत त्यांच्याशी. (आणि त्या ताटल्यांचं पण एक, कुंडीखाली पाणी साचवून ठेवणाऱ्यांना डास पाळायची हौस असते असं माझं स्पष्ट मत आहे.)

तर, चोथ्याचे कण बारीक, वाळले की घट्ट बसतात. त्यात नायट्रोजन दोनेक टक्के असतो पण तो झाडाला लगेच मिळत नाही, आधी जिवाणूंनी कुजवावा लागतो, आणि कच्चा चोथा मातीत कालवला तर ते जिवाणू मातीतलाच नायट्रोजन ओढून घेतात. शिवाय उरलेलं कॅफीन कोवळ्या रोपांना सोसत नाही, बी पेरलेल्या कुंडीत तर नकोच. आंबटपणाचं म्हणाल तर तो बराचसा तुमच्या कपात उतरलेला असतो, त्यामुळे चोथ्यानं माती आंबट करू वगैरे विसरा.

म्हणून पुन्हा सांगते, कंपोस्टमध्ये टाका, पाच भागांत एक भाग चोथा, त्याहून जास्त नाही, बाकी सुका पाला, भाजीची देठं, पुठ्ठ्याचे तुकडे. ओला चोथा डब्यात बंद ठेवलात तर बुरशी येणारच, पसरून वाळवा. पाच भागांत एक, लक्षात राहिलं ना? कागदी फिल्टर असेल तर तोही जातो त्यात, फक्त फाडून टाका, लवकर कुजतो.