राणीछाप रुपया आणि घरातली चांदी : जपणुकीविषयी काही

मित्रहो, माझ्या हातात या क्षणी दोन रुपये आहेत. दोन्ही १९०१ सालचे, दोन्ही राणीछाप, म्हणजे व्हिक्टोरिया राणीचे चित्र असलेले, आणि दोन्ही आमच्याच घरातले. पहिला आजीने फडक्यात बांधून पितळी डब्यात ठेवला होता. दुसरा देव्हाऱ्यात होता आणि दर दिवाळीला लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी तो चिंचेने आणि राखेने घासून लख्ख केला जाई. टांकसाळीतून बाहेर पडताना प्रत्येकाचे वजन ११.६६ ग्रॅम, म्हणजे बरोबर एक तोळा होते. आज काट्यावर पहिला ११.६२ ग्रॅम भरतो आणि दुसरा ११.२१. पहिल्यावर राणीच्या झग्यावरची वेलबुट्टी अजून बोटाने मोजता येते, तर दुसऱ्यावर नाक कोठे संपते आणि गाल कोठे सुरू होतो हे सांगणेही कठीण आहे. आमच्या घरी कधी चोरी झालेली नाही; तरीही जवळजवळ अर्धा ग्रॅम चांदी आणि राणीचा सगळा चेहरा त्याच घरातून निघून गेला.

संग्रहाच्या सुरक्षिततेविषयी विचारणारी मंडळी पहिला प्रश्न तिजोरीचा विचारतात. तिजोरीकडे मी येणारच आहे. पण चोर आयुष्यात एखाद्या वेळी येतो, आणि हात, हवा व ऊन ही तर रोजची आहेत, म्हणून आरंभ त्यांच्यापासून करतो.

सोलापूरच्या घरांत नाणी निघतात ती साधारण तीन प्रकारची. मराठेशाहीतल्या तांब्याच्या शिवराया, इंग्रजी अमलातले राणीछाप आणि राजाछाप रुपये, आणि निजामाचे हाली रुपये. तुळजापूर आणि नळदुर्ग ही गावे १९४८ पर्यंत निजामाच्या मुलखात होती, त्यामुळे लग्नसंबंधांतून आणि बाजारहाटातून चारमिनारचे चित्र असलेला हा रुपया आपल्याकडे आला. या तिन्हींतला धातू वेगवेगळा आहे, आणि रुपयांतही चांदीचे प्रमाण सारखे नाही. राणीछाप रुपयात सुमारे ९१.७ टक्के चांदी असते, हाली रुपयात सुमारे ८१.८ टक्के, आणि १९४० ते १९४५ या काळातल्या राजाछाप रुपयात केवळ ५० टक्के. म्हणून एकाच डब्यात ठेवलेली तीन नाणी तीन प्रकारे काळी पडतात आणि आपण मात्र तिघांनाही एकच पूड लावतो.

चांदी काळी पडते ती गंधकामुळे. हवेतल्या गंधकयुक्त वायूचा चांदीशी संयोग होऊन पृष्ठभागावर सिल्व्हर सल्फाइडचा पातळ थर बसतो. तो आधी पिवळसर, मग तपकिरी, निळसर आणि शेवटी काळा दिसतो. हे गंधक आपण स्वतःच तिच्याजवळ नेऊन ठेवतो. लोकरीत गंधक असते, म्हणून चांदीची भांडी घोंगडीत गुंडाळून ठेवू नयेत. रबरात असते, म्हणून रुपयांच्या चवडीला रबरबँड लावला की वर्षभरात प्रत्येक नाण्याच्या कडेवर काळी रेघ उमटते, आणि ती सहसा जात नाही. फटाक्यांच्या दारूतही गंधक असते. वर्षभर कपाटात राहिलेली चांदी आपण नेमकी दिवाळीत बाहेर काढतो आणि रस्त्याकडेच्या उघड्या खिडकीजवळ मांडतो. पूजा आतल्या खोलीत मांडावी आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच चांदी कोरड्या मऊ कापडाने टिपून परत ठेवावी, एवढ्यानेही पुष्कळ फरक पडतो.

आपल्या गावच्या हवेचा एक फायदा आहे. वर्षातले सात-आठ महिने ती कोरडी असते, आणि कोकणात किंवा मुंबईत संग्राहकाला दमट हवेशी जी झुंज द्यावी लागते ती आपल्याला तेवढी द्यावी लागत नाही. पण उन्हाळा आपल्याकडे वसुली करतो. बावीस वर्षांपूर्वी मी सत्तर-ऐंशी नाणी पारदर्शक खिशांच्या अल्बममध्ये मोठ्या हौसेने लावली आणि तो अल्बम माडीवर, पत्र्याच्या छताच्या खोलीत ठेवला. दोन उन्हाळे गेल्यावर उघडून पाहतो तो शिवरायांवर हिरवट, बोटाला चिकटणारा लेप बसलेला, आणि रुपयांवर बुळबुळीत पातळ थर. ते खिसे पीव्हीसीचे होते. पीव्हीसी मऊ राहावे म्हणून त्यात जी द्रव्ये मिसळतात ती उष्णतेने बाहेर झिरपतात, प्लास्टिक विघटित होताना आम्लही सुटते, आणि दोन्ही मिळून नाणे खातात. रुपये शुद्ध ॲसिटोनमध्ये बुडवून वाचले. शिवरायांवर मात्र खड्डे राहिले ते राहिलेच. ॲसिटोन चटकन पेट घेते, म्हणून ते मोकळ्या हवेत आणि गॅसपासून दूरच वापरावे. नखांचा रंग काढण्याचे द्रावण त्याच्या जागी वापरू नये, कारण त्यात तेल आणि सुगंध मिसळलेले असतात. ज्यांच्या घरी जुने अल्बम आहेत त्यांनी आज रात्रीच एक खिसा नाकाशी धरून पाहावा. नव्या रेनकोटसारखा वास आला तर नाणी लगेच बाहेर काढावीत.

पाकीट पॉलिएस्टरचे किंवा पॉलिप्रॉपिलीनचे घ्यावे, मोलाच्या नाण्याला कडक गोल कॅप्सूल घ्यावी. पुठ्ठ्याच्या चौकटी स्वस्त आणि सोयीच्या असतात, पण त्यांच्या पिना गंजतात आणि नाणे काढताना त्याच पिना त्यावर ओरखडा काढतात. डबा ठेवावा तो माजघरातल्या लोखंडी कपाटात, मधल्या खणात. स्वयंपाकघराला लागून, न्हाणीच्या भिंतीला टेकून किंवा माडीवर ठेवू नये. माळवदाच्या जुन्या घरांत भिंतीतले कोनाडे आणि बळदे यांत दागिने ठेवायची चाल होती; पावसाळ्यात ती भिंत पाणी धरते हे आपण जाणतोच. नव्या प्लायवूडच्या खणातून डिंकाचे आणि लाकडाचे वायू बरीच वर्षे निघत राहतात, म्हणून तेथे ठेवायचेच तर डबा हवाबंद असावा. आत सिलिका जेलची पुडी ठेवावी, पण तिचा रंग बदलला की ती तापवून पुन्हा कोरडी करावी लागते. वर्षानुवर्षे तशीच पडलेली पुडी काही उपयोगाची नाही. शिवराईवर फिकट हिरवा, भुकटीसारखा ठिपका दिसला तर ते नाणे लगेच वेगळे करून अगदी कोरड्या जागी ठेवावे. गडद तपकिरी किंवा गुळगुळीत हिरवा थर मात्र तिचे कवच आहे; त्याला हात लावू नये.

नाणे हाताळताना कडेने धरावे, कारण बोटाच्या घामातले क्षार ठसा सोडून जातात आणि तो काही महिन्यांनी काळ्या रेषांत उमटतो. पाहायचे असेल तेव्हा खाली जाड टॉवेल पसरावा. आपल्या घरांतून शहाबादी फरशी असते, आणि कमरेच्या उंचीवरून पडलेल्या रुपयाची कड अशी चेपते की ती कोणताही कारागीर सरळ करू शकत नाही.

आता पुन्हा पूजेच्या रुपयाकडे येतो. पंचामृतातले दही आंबट असते, कुंकू हळदीला चुना लावून केलेले असते, आणि अक्षरांच्या खाचांत अडकलेला हा सगळा लेप काढण्यासाठी आपण नाणे घासतो. कोणाच्याही श्रद्धेला धक्का लावावा असे मला वाटत नाही. घरातला एक झिजलेला रुपया पूजेसाठी नेमून द्यावा आणि वर्षानुवर्षे तोच पुजावा, बाकीच्यांना पाकिटातूनच हळद-कुंकू वाहावे. आमच्या घरी गेली वीस वर्षे असेच चालते.

ताम्हन, पळी-पंचपात्र, निरांजन, गुलाबदाणी यांचा न्याय वेगळा. ती वापरायची भांडी आहेत आणि ती उजळावीत. मात्र रांगोळी, राख किंवा दंतमंजन न लावता मऊ कापडाने आणि चांदीसाठीच मिळणाऱ्या द्रवाने. गरम पाण्यात खाण्याचा सोडा आणि ॲल्युमिनियमची फॉइल घालून काळे घालवण्याची रीत साध्या भांड्यांना चालते, पण नक्षीच्या खोलगटात मुद्दाम राखलेला काळेपणाही ती धुऊन टाकते. नाण्यांना यातले काहीच लावू नये. एका राणीछाप रुपयात सुमारे १०.७ ग्रॅम शुद्ध चांदी असते आणि सराफाकडे मोडीच्या भावाने तेवढ्याचेच पैसे मिळतात. त्यावरचे जे काही मोल आहे ते त्या अस्पर्श पृष्ठभागाचे आहे, आणि पॉलिश केले की ते त्याच दिवशी संपते.

तिजोरीविषयी थोडक्यात. ती भिंतीत किंवा जमिनीत बोल्टने बसवलेली असावी. उचलून नेता येणारी तिजोरी चोराचे काम सोपेच करते. आगीपासून संरक्षण देणाऱ्या तिजोऱ्यांच्या भिंतींतल्या भरावात पाणी असते आणि त्यामुळे आत दमटपणा साचू शकतो, तेव्हा तेथे सिलिका जेल अधिक काळजीने बदलावी. बँकेचा लॉकर चांगलाच; पण आत काय आहे याची नोंद बँकेकडे नसते, आणि रिझर्व्ह बँकेच्या १ जानेवारी २०२२ पासूनच्या नियमांनुसार आग, चोरी किंवा कर्मचाऱ्याची फसवणूक अशा कारणांनी नुकसान झाले तर बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभर पटींपुरतीच असते. घराच्या विम्यातही नाणी आपोआप येतात असे गृहीत धरू नये; विमा देणाऱ्याला यादी आणि मूल्यांकन देऊन, ती पॉलिसीत लिहून घ्यावीत. गेल्या काही वर्षांत चांदीचा भाव बराच चढला आहे, म्हणजे पाच वर्षांपूर्वीचे मूल्यांकन आज अपुरे आहे. आणि संग्रहाचे फोटो व्हॉट्सॲपच्या स्टेटसवर ठेवू नयेत, विशेषतः गड्ड्याच्या यात्रेला किंवा सुट्टीत गावाला घर बंद करून जाताना.

या सगळ्याच्या आधी करण्याचे काम म्हणजे वही. प्रत्येक नाण्याचे वजन दोन दशांशांपर्यंत, व्यास, साल, दोन्ही बाजूंचा आणि कडेचा फोटो, आणि ते कोठून आले. वहीची एक प्रत घराबाहेर, मुलीकडे किंवा भावाकडे असावी. चोरी झाली तर पोलिसांना ‘जुने रुपये गेले’ एवढेच सांगून भागत नाही. कडेवरच्या खाचेचा फोटो दाखवला तर नाणे ओळखता येते. शंभर वर्षांहून जुने नाणे १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरते आणि ते देशाबाहेर नेता येत नाही, हेही परदेशी असलेल्या मुलांसाठी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावे.

‘कोठून आले’ हा रकाना बहुतेक जण रिकामा सोडतात. माझ्या या पहिल्या रुपयाच्या फडक्यात आजीच्या हातची एक चिठ्ठी निघाली. तिच्यावर चारच शब्द आहेत : ‘यांच्या मिलचा पहिला पगार.’ ती चिठ्ठी मी पॉलिएस्टरच्या वेगळ्या पाकिटात, पण त्याच डब्यात ठेवली आहे. वेगळ्या पाकिटात अशासाठी, की जुन्या कागदातले आम्ल चांदीवर डाग पाडते.