स्वतःच्या नजरेतून उतरल्यावर

मंडळी, धंदा बुडतो, नोकरी जाते, निवडणूक हरतो, तेव्हा लागतं खरं. पण दोष द्यायला जग असतं, म्हणून अहंकार शाबूत राहतो. दुसरी एक ठेच असते. तिथे कुणी धक्का दिलेला नसतो, आपणच आपल्या नजरेतून उतरतो. मला तिच्याबद्दल बोलायचंय, आणि त्यासाठी वरोऱ्याला जायचंय.

मुरलीधर देवीदास आमटे, म्हणजे आपले बाबा आमटे, १९१४ साली हिंगणघाटच्या जमीनदार घरात जन्मले. मोटार, शिकारीचा नाद, पुढे वकिली. भीती ठाऊक नाही. एका नववधूला त्रास देणाऱ्या गोऱ्या सोजिरांना ते एकटे भिडले, आणि गांधीजींनी त्यांना ‘अभयसाधक’ म्हटलं. वरोऱ्यात सफाई कामगारांचं नेतृत्व करायचं, तर त्यांचं काम स्वतः करायला हवं, म्हणून नऊ महिने डोक्यावरून मैला वाहिला. भीती जिंकली, किळस जिंकली. आता जिंकायचं काय उरलं, असंच कुणालाही वाटेल.

मग ती पावसाची रात्र. गटाराकडेला चिंध्यांचं गाठोडं दिसलं, ते हललं. झडलेली बोटं, जखमांत किडे. तुळशीराम नावाचा कुष्ठरुग्ण. आणि अभयसाधक पळाला. थेट घरी.

हा प्रसंग आपण पुष्कळदा ‘मग बाबांना दया आली’ असा सांगतो. मला ते पटत नाही. आली ती लाज. मैल्याची टोपली उतरवून अंघोळ केली की माणूस स्वच्छ होतो. हा रोग मात्र अंगाला चिकटेल, बायकोपर्यंत, लेकरांपर्यंत जाईल, अशी धास्ती होती. धैर्य नेमकं तिथे संपलं, आणि ते तिथे संपतं हे त्यांना आधी माहीत नव्हतं. बाबा परत गेले, पावसापासून आडोसा केला, त्याला भरवलं. तुळशीराम वाचला नाही. भीतीही एका रात्रीत गेली नाही, महिनोन्महिने सलत राहिली. १९४९ मध्ये ते कोलकात्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये कुष्ठरोगाचं शिक्षण घ्यायला गेले, आणि जंतूंच्या प्रयोगासाठी स्वतःचं शरीर देऊ केलं.

१९५१ साली वरोऱ्याजवळ आनंदवन, कुष्ठरुग्णांची वसाहत, उभं राहू लागलं. सहा रुग्ण, एक लंगडी गाय, एक कुत्रा, खिशात चौदा रुपये आणि साप-विंचवांची खडकाळ जमीन. या रोगात नसा मरतात, चटका किंवा जखम कळत नाही, म्हणून हातपाय झिजत जातात. असल्या हातांत भीक घालणंच लोकांना सुचत होतं. बाबांनी त्या हातांत कुदळ दिली आणि शेजारी उभं राहून स्वतः खणलं. ज्यानं आपला पळपुटेपणा पाहिलाय, त्याला वरून उपकार करणं जमत नसावं. पुढे पाठीच्या दुखण्यानं त्यांचं बसणंच सुटलं, उभं राहायचं नाहीतर आडवं व्हायचं. तरी १९८५ मध्ये ते ‘भारत जोडो’ म्हणत कन्याकुमारीहून काश्मीरकडे निघाले, सोबत तरुणांच्या सायकली होत्या.

हे सगळं मी वर्षानुवर्षं व्यासपीठावरून सांगत आलो. आणि त्याच काळात माझ्या आईच्या पायाची मधुमेहाची जखम चिघळली होती. ड्रेसिंगला मी नर्स ठेवली. ‘तिचा हात हलका आहे,’ असं सगळ्यांना सांगायचो. खरं म्हणजे मला तो वास सोसत नव्हता. मी खोलीत शिरलो की आई पायावर चादर ओढून घ्यायची. ती का ओढते, हे मला कळत होतं, तरी मी तब्येतीचं विचारून बाहेर पडायचो.

एका रविवारी नर्स आली नाही. मी पट्टी सोडायला बसलो. हात थरथरत होते, कापूस दोनदा खाली पडला. आईनं चादर ओढली नाही. माझ्याकडे बघत म्हणाली, ‘सावकाश कर रे. मला काही घाई नाही.’