चारशे फुटांखालचं आभाळ

(दृश्य: पहाटेची दरी. कॅमेरा तिवईवर स्थिर. फक्त वाऱ्याचा आवाज.)

अमेरिकेत राष्ट्रीय उद्यानावरून जाणाऱ्या विमानांच्या आणि हेलिकॉप्टरच्या वैमानिकांना एक विनंती केलेली असते. जमिनीपासून निदान २,००० फूट वर राहा. हौशी ड्रोनला याच्या नेमका उलटा नियम आहे. जमिनीपासून ४०० फुटांच्या वर जायचं नाही.

दोन्ही नियम आपापल्या जागी बरोबर आहेत. ड्रोन खाली ठेवला की तो विमानाला धडकत नाही. पण त्यामुळे ड्रोनच्या वाट्याला येतो तो हवेचा नेमका तो थर, जिथे कड्यावर घरटी असतात, गरुड घिरट्या घालतात, झाडांचे शेंडे असतात आणि कठड्याला टेकून माणसं सूर्यास्त बघत असतात. हौशी ड्रोनला राष्ट्रीय उद्यानात मोकळीक द्यावी की नाही, हा सगळा वाद या चारशे फुटांचा आहे.

(दृश्य: झायनचे लाल कडे. उतारावर रानमेंढरांचा कळप.)

एप्रिल २०१४. झायन राष्ट्रीय उद्यानात मोठ्या शिंगांच्या रानमेंढरांच्या कळपावर ड्रोन आला. कळप फुटला आणि पिल्लं मोठ्या जनावरांपासून तुटली. त्याच महिन्यात ग्रँड कॅन्यनच्या काठावर सूर्यास्त बघायला जमलेल्या लोकांच्या समोर एक ड्रोन घोंघावत राहिला आणि शेवटी दरीत कोसळला. जूनमध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान सेवेने सगळ्या उद्यानांना आदेश दिला: आपल्या हद्दीत ड्रोन उडवणं, उतरवणं आणि चालवणं बंद करा. नियम मोडला तर सहा महिन्यांपर्यंत कैद आणि ५,००० डॉलरपर्यंत दंड. कॅनडाच्या राष्ट्रीय उद्यानांतही परवानगीशिवाय ड्रोन उडवता येत नाही, आणि तिथला दंड २५,००० कॅनेडियन डॉलरपर्यंत जातो.

ज्यांनी ड्रोन कधी हातात धरलेला नाही, त्यांना वाटतं की हे उडवणारे मुद्दाम जनावरांच्या मागे लागत असतील. काही लागतातही. पण बहुतेक वेळा घडतं ते वेगळं, आणि त्याचं कारण काचेत आहे.

(दृश्य: रिमोटला लावलेला फोन. पडद्यावर डोंगरउतार, त्यावर काही ठिपके.)

छोट्या ड्रोनची मुख्य लेन्स सहसा रुंद असते, जुन्या फिल्म कॅमेऱ्याच्या मापात साधारण २४ मिलिमीटर. अशा लेन्समधून १०० मीटरवर सुमारे १५० मीटर रुंदीचा पट्टा दिसतो. त्यात दीड मीटर लांबीचं रानमेंढरू आडवं उभं असेल, तर ते पट्ट्याच्या एक टक्का जागा व्यापतं. फोनचा पडदा १५ सेंटिमीटर रुंद धरा. त्यावर ते जनावर होतं दीड मिलिमीटर. मुंगीपेक्षाही लहान.

आता उडवणारा काय करणार? तो जवळ जातो. ५० मीटरवर तीन मिलिमीटर. अजून जवळ. २५ मीटरवर सहा. जनावराने मान कधी वर केली, कान कधी ताठ केले, पिल्लाला कधी पोटाशी घेतलं, यातलं काहीही सहा मिलिमीटरमध्ये कळत नाही. कळतं ते एकदम पळ काढल्यावर. तोवर उशीर झालेला असतो.

मग पडदा सोडून थेट ड्रोनकडेच बघावं? नियम तेच सांगतो, ड्रोन सतत नजरेच्या टप्प्यात हवा. पण २५ सेंटिमीटरचा ड्रोन ४०० मीटरवर गेला, की चार मीटरवरच्या अडीच मिलिमीटरच्या ठिपक्याएवढा दिसतो. तो आहे एवढं समजतं. त्याचं तोंड कुठे आहे, कड्यापासून तो किती लांब आहे, याचा पत्ता लागत नाही.

(दृश्य: जंगलात काळं अस्वल, निवांत बसलेलं.)

आणि पळालं नाही, म्हणजे त्रास झाला नाही, असंही नाही. मिनेसोटात संशोधकांनी मोकळ्या काळ्या अस्वलांच्या शरीरात हृदयाचे ठोके मोजणारी यंत्रं बसवली आणि त्यांच्यावरून ड्रोन नेले. निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. अस्वलं क्वचितच जागची हलली. बाहेरून पाहणाऱ्याला काहीच झालं नाही असं वाटलं असतं. आत मात्र ठोके वाढत होते, सर्वांत टोकाच्या नोंदीत मिनिटाला १२३ ने.

दुसरी बाजूही ठेवायला हवी. पुढे बंदिस्त अस्वलांवर तोच प्रयोग पुनःपुन्हा केला, तेव्हा ती ड्रोनला सरावली. फ्रान्समध्ये पाणपक्ष्यांवर केलेल्या चाचण्यांत दर पाच फेऱ्यांपैकी चारमध्ये ड्रोन चार मीटरपर्यंत गेला, तरी पक्ष्यांनी दिसेल अशी हालचाल केली नाही. ड्रोनचा रंग आणि वेग यांनी फरक पडला नाही. फरक पडला तो कोनाने: ड्रोन सरळ डोक्यावरून खाली आला की पक्षी बिथरले. शिकारी पक्षी वरून झडप घालतो, हे लक्षात घेतलं तर नवल नाही. आणि हौशी व्हिडिओतला सर्वांत आवडता शॉट कोणता? सरळ वरून खाली.

हत्तींची गोष्ट तर आणखी बोलकी. टांझानियात शेतात शिरलेले हत्ती हुसकावून लावायला ड्रोन वापरले गेले आणि ते उत्तम चालले. आवाज मधमाश्यांसारखा येतो, म्हणून हत्ती दबतात असं मानलं जातं. जे यंत्र हत्ती पळवण्याचं साधन म्हणून वापरलं जातं, तेच उद्यानात निरुपद्रवी आहे, हे म्हणणं अवघड जातं.

घरटी करणाऱ्या पक्ष्यांचं नुकसान मात्र मोजता येतं. मे २०२१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या बोल्सा चिका या राखीव पाणथळीत सुरय पक्ष्यांच्या वसाहतीत एक ड्रोन पडला. हल्ला झाला असं समजून हजारो पक्षी उडाले आणि परतलेच नाहीत. वाळूवर दीड हजारांच्या आसपास अंडी तशीच पडून राहिली. ड्रोनने एकाही पक्ष्याला धक्का लावला नव्हता. तो फक्त पडला होता.

(दृश्य: उंच कडा. वाऱ्याने वाकलेली झुडपं.)

ड्रोन पडतात का? पडतात, आणि उद्यानात जास्त पडतात. कारण ज्या जागा बघायला आपण उद्यानात जातो, त्याच ड्रोनला सर्वांत वाईट.

वारा घ्या. सपाट मैदानावर तो एका दिशेने वाहतो. कड्याच्या पाठीमागे मात्र तो खाली कोसळतो आणि भोवरे करतो. छोटे ड्रोन साधारण सेकंदाला १० मीटर वाऱ्यापर्यंत तग धरतात. समजा ड्रोनचा स्वतःचा वेग सेकंदाला १० मीटर आहे आणि वारा ८ मीटरचा. जाताना वारा पाठीशी, म्हणजे ९०० मीटर ५० सेकंदांत. परतताना तोच वारा तोंडावर, उरतो वेग २ मीटरचा, आणि तेच अंतर घेतं साडेसात मिनिटं. नवखा माणूस जाताना लागलेला वेळ धरून बॅटरीचा हिशेब करतो.

उंची घ्या. ३,००० मीटरवर हवा समुद्रसपाटीपेक्षा साधारण पाव हिश्श्याने विरळ असते. तेवढंच वजन उचलायला पंख्यांना सुमारे १६ टक्के जास्त वेगाने फिरावं लागतं, आणि शक्तीही जवळपास तितकीच जास्त लागते. त्यात थंडी असली की लिथियम बॅटरीचा विद्युतदाब झटकन खाली येतो. पडद्यावर ३० टक्के दिसत असताना ड्रोन आपणहून उतरू लागतो, आणि खाली दरी असते.

अरुंद घळीत उपग्रहांपैकी मोजकेच दिसतात, त्यांचेही संदेश भिंतींवर आपटून येतात. ड्रोनला आपली जागा नीट कळेनाशी होते आणि तो वाऱ्याबरोबर सरकू लागतो. लोहयुक्त खडकावर ड्रोन ठेवून त्याचं होकायंत्र जुळवलं, तर हवेत गेल्यावर तो मोठ्या होत जाणाऱ्या वर्तुळात फिरत सुटतो. खाली बर्फ किंवा पाणी असेल, तर पोटाखालचा कॅमेराही गोंधळतो, कारण त्याला धरायला खूणच सापडत नाही.

आता सर्वांत फसवी गोष्ट. बहुतेक छोट्या ड्रोनच्या पडद्यावर दिसणारी उंची ही उड्डाण केलेल्या जागेपासूनची असते, खालच्या जमिनीपासूनची नव्हे. ग्रँड कॅन्यनच्या काठावरून २० मीटर वर चढून दरीकडे सरकलात, की पडदा २० मीटरच दाखवतो. खाली जमीन मात्र किलोमीटरभर गेलेली असते, आणि चारशे फुटांचा नियम मोडून झालेला असतो. उलट बाजूने, खोऱ्याच्या तळातून उडालात आणि सिग्नल तुटल्यावर परत येण्याची उंची ३० मीटरच ठेवली असेल, तर ड्रोन इमानदारीत ३० मीटरवरून सरळ घराकडे निघतो. मध्ये टेकडी असली तरी. रेडवुड राष्ट्रीय उद्यानातलं जगातलं सर्वांत उंच ज्ञात झाड सुमारे ११६ मीटरचं आहे, म्हणजे ३८० फूट. चारशे फुटांचं सगळं आभाळ तिथे एक झाडच खाऊन टाकतं.

शिवाय पक्षी. जुलै २०२० मध्ये मिशिगनमध्ये एका सरकारी सर्वेक्षणाच्या ड्रोनवर पांढऱ्या डोक्याच्या गरुडाने झडप घातली. ड्रोनने साडेतीन सेकंदांत २७ इशारे पाठवले, त्यातला एक होता पंखा गायब असल्याचा. ड्रोन मिशिगन सरोवरात गेला. गरुड मजेत उडून गेला.

(दृश्य: यलोस्टोन. ग्रँड प्रिझमॅटिक झरा, निळा मध्य आणि केशरी काठ.)

ऑगस्ट २०१४, बंदीनंतर दोनच महिन्यांनी. एका पर्यटकाचा ड्रोन या गरम झऱ्यात पडला. झरा शंभर मीटरहून रुंद, पाणी भाजून काढणारं. काठावरचे रंग सूक्ष्मजीवांच्या थरांचे आहेत, त्यावर पाय ठेवला की वर्षानुवर्षं ठसा राहतो. ड्रोन काढायचा कसा? तो काढता आलाच नाही. पर्यटकाला दंड आणि भरपाई मिळून ३,००० डॉलरहून अधिक भरावे लागले. लिथियम बॅटरी, प्लास्टिक आणि तांबं झऱ्यातच राहिलं.

(दृश्य: पर्यटकांनी भरलेलं हेलिकॉप्टर दरीवर.)

हौशी लोकांची एक तक्रार खरी आहे आणि तिला उत्तर द्यायलाच हवं. ग्रँड कॅन्यनवर पर्यटकांची हेलिकॉप्टरं उडतात. पाव किलोच्या ड्रोनपेक्षा त्यांचा गोंगाट कितीतरी मोठा. मग बंदी आम्हालाच का? या हेलिकॉप्टरांना मोकळं रान नाही, हे खरं. १९८६ मध्ये तिथे सहलीचं विमान आणि हेलिकॉप्टर हवेत धडकून २५ माणसं गेली, त्यानंतर कायदा आला आणि मार्ग आखले गेले. पण आवाजाच्या मुद्द्यावर उद्यानांची बाजू लंगडी आहे, हे मान्य करावं लागतं. एक मीटरवर ७५ डेसिबल आवाज करणारा ड्रोन अंतर दुप्पट होताच सुमारे ६ डेसिबल कमी ऐकू येतो. १२८ मीटरवर राहतात ३३. निवांत दरीत तोही ऐकू येतो, पण हेलिकॉप्टर अख्खी दरी भरून टाकतं.

नियमात एक भोकही आहे. उद्यान सेवेचा अधिकार जमिनीवर आणि पाण्यावर चालतो, हवेवर नाही. हद्दीच्या बाहेर उभं राहून, बाहेरूनच उडवून, ड्रोन नजरेत ठेवून कोणी आत नेला, तर बंदीचा आदेश त्याला लागू होत नाही. जनावरांना त्रास दिल्याचा नियम लागू शकतो, तेवढंच. २५० ग्रॅमपेक्षा हलक्या हौशी ड्रोनला नोंदणीची सूट आहे, म्हणून काहींना वाटतं की उद्यानाच्या बंदीतूनही सूट आहे. ती नाही.

बंदी उद्यानाच्या स्वतःच्या ड्रोनना नाही, आणि ते योग्यच आहे. ग्रँड कॅन्यनमध्ये हरवलेल्या माणसाला कड्यांवर शोधायला ड्रोन पाठवतात, म्हणजे दोरावरून उतरणाऱ्याचा जीव धोक्यात घालावा लागत नाही. वणव्यात मात्र परका ड्रोन दिसला की विमानं खाली उतरवावी लागतात. जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिसच्या वणव्यात पाणी टाकणाऱ्या विमानाच्या पंखाला हौशी ड्रोनने भोक पाडलं. उडवणाऱ्याने तो अडीच किलोमीटर लांब नेला होता आणि नजरेतून घालवला होता.

(दृश्य: उद्यानाच्या प्रवेशाजवळचं मोकळं, गवताळ मैदान.)

तर मग सरसकट मोकळीक? नाही. पण सरसकट ‘नाही’ म्हणण्यापेक्षा एक जुनी वाट आहे. २०१४ च्या आदेशातही, आधीपासून ठरवून दिलेल्या जागी मॉडेल विमानं उडवायची मुभा राहू शकत होती. तोच नमुना ड्रोनला लावता येईल. जागा अशी: प्रवेशाजवळचं, आधीच रस्ता आणि वाहनतळ असलेलं सपाट मैदान, जिथून कडा, पाणी आणि घरटी निदान एक किलोमीटर लांब. विणीच्या हंगामात पूर्ण बंद. पहाट आणि संध्याकाळ बंद, कारण जनावरं तेव्हाच चरायला निघतात. उंची १०० फूट, अंतर २०० मीटर, आणि दोन्ही मर्यादा उडवण्यापूर्वी ड्रोनमध्येच घालून रेंजरला दाखवायच्या. वारा सेकंदाला ६ मीटरच्या वर गेला की थांबायचं. एका वेळी एकच ड्रोन हवेत, आणि शेजारी दुसरा माणूस, ज्याचे डोळे पडद्यावर नसून आभाळात आहेत. मोठा पक्षी घिरट्या घालताना दिसला, तर पळवून लावायचा प्रयत्न न करता उतरवायचं.

अशा मैदानावरून दरीचा तो व्हिडिओ मिळणार नाही. ज्याला फक्त उडवायचं आहे, त्याला पुरेल. ज्याला दरीच हवी आहे, त्याला नाही.

आणि ड्रोन कुंपणापलीकडे पडलाच, तर कोणी आणायला जायचं नाही. शेवटची जागा पडद्यावर दिसते, तिचे आकडे लिहून रेंजरला द्यायचे. फुगलेली किंवा चेपलेली बॅटरी तासाभरानेही पेट घेऊ शकते, म्हणून त्याला तेही सांगायचं. आणायचा की तिथेच राहू द्यायचा, हे तो ठरवेल.

(दृश्य: ग्रँड प्रिझमॅटिक झरा. वाफ. लाकडी पुलावरून चालणारी माणसं.)