भोकं छोटी, ऑपरेशन मोठं

गर्भाशयाच्या कॅन्सरसाठी माझं रोबोटच्या मदतीनं ऑपरेशन झालं. त्यानंतर भेटायला आलेल्या जवळपास प्रत्येकानं मला विचारलं, "म्हणजे रोबोटनं केलं? मग डॉक्टर काय करत होते?" तुमच्यातल्या काहींच्या मनातही तेच असेल, तर ते आधीच उरकून घेऊ. रोबोट स्वतःहून काहीही करत नाही. सर्जन त्याच खोलीत, टेबलापासून थोडे लांब, एका कन्सोलपाशी बसतात. समोरच्या दोन भिंगांतून त्यांना पोटाच्या आतलं मोठं, त्रिमिती चित्र दिसतं. त्यांची बोटं हलतील तशी पोटावरच्या छोट्या छेदांतून आत घातलेली बारीक हत्यारं हलतात, मनगटासारखी वळतात, हाताची थरथर गाळली जाते. हात सर्जनचाच. म्हणून "रोबोट कुठल्या कंपनीचा?" हा प्रश्न मला दुय्यम वाटतो. "तुम्ही अशी किती ऑपरेशनं केलीत? मध्येच पोट उघडायची वेळ आली तर?" हे विचारा. माझ्या संमतीपत्रावर ते लिहिलेलंच होतं: गरज पडल्यास पोट उघडून. ती ओळ वाचून सही करताना पेन जड होतं, एवढंच सांगते.

माझा कॅन्सर गर्भाशयाच्या अस्तराचा. पाळी जाऊन वर्षं झाली होती आणि पुन्हा अंगावरून लाल गेलं. अगदी थोडं. पण पाळी गेल्यानंतर एक डाग दिसला तरी तपासून घ्यायचा. सोनोग्राफी झाली, बायोप्सी झाली, निदान झालं. त्या दिवसांबद्दल फार बोलत नाही, ते सगळ्यांचे सारखेच असतात.

निवडीबद्दल मात्र बोलायला हवं. अस्तराचा कॅन्सर लवकर सापडला असेल तर छोट्या छेदांतून केलेलं ऑपरेशन कॅन्सर परतण्याच्या बाबतीत पोट उघडून केलेल्यापेक्षा मागे पडत नाही, हे मोठ्या चाचण्यांमध्ये दिसलंय. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचं तसं नाही. २०१८ साली एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. साडेचार वर्षांनंतर कॅन्सर न परतता असलेल्या बायका पोट उघडलेल्या गटात ९६.५ टक्के होत्या, छोट्या छेदांच्या गटात ८६ टक्के. त्यात छोट्या छेदांची बहुतेक ऑपरेशनं रोबोटशिवाय, साध्या दुर्बिणीनं केलेली होती, रोबोटची थोडी. तरी त्यानंतर गर्भाशयमुखाच्या मोठ्या ऑपरेशनसाठी पुन्हा पोट उघडण्याकडेच कल वळला. तेव्हा "माझ्या मैत्रिणीनं रोबोटनं केलं" या आधारावर ठरवू नका. तिचा कॅन्सर कुठला, तुमचा कुठला?

आता प्रत्यक्षात काय होतं ते. पोटात कार्बन डायऑक्साइड भरून ते फुगवतात आणि टेबल डोक्याकडून बरंच खाली झुकवतात, म्हणजे आतडी छातीकडे सरकतात आणि ओटीपोट मोकळं होतं. मी जागी झाले तेव्हा डोळ्यांच्या पापण्या सुजलेल्या. त्याचं कारण हेच. गर्भाशयमुखात एक हिरवा रंग टोचतात. खास प्रकाशात तो रंग पोहोचलेल्या पहिल्या लसीकाग्रंथी (कॅन्सर पसरताना जिथे पोहोचू शकतो त्या छोट्या गाठी) हिरव्या चमकतात, आणि त्याच काढून तपासायला पाठवतात. सरसकट सगळ्या ग्रंथी काढल्या की पुढे पाय सुजण्याचा धोका वाढतो, तो यानं कमी होतो. गर्भाशय पोटात तुकडे न करता योनिमार्गातून अख्खं बाहेर काढतात, कारण तुकडे केले तर कॅन्सरच्या पेशी आत सांडू शकतात.

दुसऱ्या दिवशी पोटापेक्षा खांदा जास्त दुखत होता. मला वाटलं, झोपेत अवघडला असेल. नर्सनं समजावलं की उरलेला वायू पोट आणि छाती यांच्यामधल्या पडद्याला टोचतो आणि कळ खांद्यात उमटते. चाललं की कमी होतं. झालंही.

खरी पंचाईत घरी आल्यावर. पोटावर बोटाच्या पेराएवढ्या खुणा, मी हिंडतेफिरते, तर सगळ्यांना वाटायला लागलं की झालं हिचं. भरलेली बादली मी उचलली नाही तेव्हा धाकटी बहीण म्हणाली, "ताई, एवढीशी तर भोकं आहेत!" भोकं एवढीशी, पण आतून गर्भाशय, नळ्या, अंडाशय, सगळं गेलेलं. योनीच्या वरच्या टोकाला टाके. ते उसवले तर आतडं खाली येऊ शकतं. म्हणून साधारण सहा ते आठ आठवडे वजन नाही, शरीरसंबंध नाहीत. शिवाय रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून मला रोज पोटात सुई घ्यायची होती. ती मी स्वतःच टोचायला शिकले. चिमटीत कातडी धरायची, सुई सरळ घालायची, नंतर चोळायचं नाही. चोळलं की निळं पडतं. माझं पोट बराच काळ भोकांपेक्षा या सुयांच्या डागांनीच रंगलेलं होतं.

मग पॅथॉलॉजीचा, म्हणजे काढलेल्या भागांच्या तपासणीचा रिपोर्ट. ऑपरेशन छान झालं, हे सर्जन लगेच सांगतात; पुढे काय, ते हा कागद सांगतो. कॅन्सर स्नायूत किती खोल गेला, ग्रंथींत आहे का, पेशी किती आक्रमक. काही खास तपासण्यांवरून आजार घराण्यातून आलाय का याचाही सुगावा लागतो, आणि मग भावंडांनाही तपासणीला बोलवावं लागतं. माझ्या वाट्याला आतून द्यायचं थोडं रेडिएशन आलं. लहान छेदांचं ऑपरेशन म्हणून रेडिएशन टळेल, असं मीही धरून चालले होते. छेदांचा त्याच्याशी संबंधच नसतो.

आता तुमचे प्रश्न घेऊ. शरीरसंबंध, लघवीचा त्रास, असलं काही उभं राहून विचारायचा संकोच वाटत असेल तर चिठ्ठीवर लिहून द्या, नाव घालू नका. माझ्या डॉक्टरांना हे विचारायला मी फार उशीर लावला, तुमच्या चिठ्ठ्या मी आधी वाचणार आहे.